सोलापुरात जमलं ते दिवेआगरला जमेल का? समुद्राकाठच्या जुन्या घराचं उष्णतारोधन

कोकणची लेक
६ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लग्न होऊन सोलापुरात आले त्याला २७ वर्षं झाली, जुळे सोलापुरात आमचं घर आहे. माहेर दिवेआगर, श्रीवर्धन तालुक्यात. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. वय ७६, आणि सुपारीची वाडी सोडून इकडे यायला तयार नाही. प्रश्न तिच्या घराचा आहे.

घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, वर माळा. छपराला मंगलोरी कौलं होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात अंगणातला माड ओटीवर आला आणि निम्मं छप्पर गेलं. गावात कुणाचंच छप्पर धड राहिलं नव्हतं. कौलं मिळेनात, मिळाली तर शाकारणीला माणूस मिळेना, आणि पाऊस दारात उभा. भावाने माणगावपर्यंत फिरून रंगीत पत्रे आणले आणि आठ दिवसांत घर झाकलं. तेव्हा तेच करणं भाग होतं.

पण तेव्हापासून आईला त्या घरात सुख नाही. सकाळी ११ पासून दिवेलागणीपर्यंत माजघरात बसवत नाही, दुपारभर ती पडवीत पाय पसरून बसलेली असते. थंडीच्या दिवसांत तर पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस नाही, पत्रा कुठे फुटलेला नाही, तरी पाणी. आणि पावसाळ्यात भिंती ओल्या होतात, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातल्या लुगड्यांना बुरशी येते. पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. त्या भिंतीला १२ वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट दिला होता.

आमच्या इथल्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी एक्सपीएसचे, म्हणजे दाट फोमचे बोर्ड टाकले, वर कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. तेव्हापासून पंखा गरम हवा फेकायचा थांबला. म्हणून वाटलं, तसंच काही आईसाठी करावं. तिकडच्या एका कंत्राटदाराने सांगितलं: पत्र्याखाली थर्मोकोल, त्याखाली पीओपीचं छत, भिंतींना आतून बोर्ड, खिडक्या बंद करून एसी. अंदाज मोठा आहे, पण आईसाठी खर्च करायची आमची तयारी आहे. हे बरोबर आहे का, एवढं कुणी जाणकार सांगेल का?

माळवद
६ एप्रिल, रात्री १०.२५

ताई, आमचं जुनं घर मंगळवेढ्याकडचं, माळवदाचं. बाभळीच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या, त्यावर तुराट्या अंथरून निंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्याच्या शेवटी वडील माती चाळून नवा थर द्यायचे, चोपून बसवायचे. भाईर ४३ असलं तरी आत माठापाशी बसल्यासारखं वाटायचं. अजून तसंच आहे. आमच्या पोरांनी शेजारी स्लॅबचं घर बांधलं, पण एप्रिल-मेच्या दुपारी सगळे उठून जुन्या घरात येतात.

पत्र्यावर माती टाकता येत नसली तर पत्र्याखाली बांबूचा माच करा आणि त्यावर वीतभर माती द्या की ओ. खर्च कमी, गारवा कायमचा.

मागवाला
७ एप्रिल, सकाळी ७.१०

ताई, आमचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आहे, टॉवेलचा. शेडला पत्रे. मागच्या उन्हाळ्यात कामगारांना मागापाशी उभं राहवत नव्हतं, म्हणून पत्र्याखाली जाळी मारून त्यावर सुताचा गुंता आणि टॉवेलच्या काठाची कात्रणं भरली. बऱ्यापैकी फरक पडला. कापूस उष्णता अडवतोच, आपली चादर थंडीत तेच करते. तुम्हाला हवं तेवढं वेस्ट मी पोत्यात भरून देतो. पैसे नकोत, आईंचं काम आहे. टेम्पोचं भाडं तेवढं तुम्ही बघा.

चिरेखाण
७ एप्रिल, सकाळी ११.५०

मी गुहागरचा. तळमळीने सांगतो, कापूस नको, थर्मोकोल नको आणि माती तर अजिबात नको.

आमच्या वाडीतल्या एका घरात पत्र्याला खालून थर्मोकोल चिकटवून पीओपी केलं होतं. दोन पावसाळे गेल्यावर छताला तपकिरी डाग दिसायला लागले म्हणून एक तुकडा काढला. मागे सगळं काळं, थर्मोकोलात मुंग्यांची घरं, आणि लाकडी रिपा बोटाने दाबल्या तर आत जात होत्या. चार महिने ज्याला ऊन दिसत नाही ते आमच्याकडे कुजतं. जुन्या माणसांनी कौलांच्या फटी उगाच नव्हत्या ठेवल्या. कौलारू घर वरून श्वास घेतं. पत्रा टाकला की पहिल्यांदा तो श्वास बंद होतो, आणि पीओपी केलं की उरलासुरलाही जातो.

ओळंबा
७ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची ११ वर्षं रत्नागिरी-चिपळूण भागात गेली, आता मुक्काम होटगी रोडला. दोन्ही हवा अंगावर घेतलेल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, कंत्राटदाराला अजून होकार कळवू नका.

हवेत वाफ असते. हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला त्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू. आता दोन गावं शेजारी शेजारी ठेवून बघा. सोलापुरातली मे महिन्यातली दुपार: ४२ अंश, आर्द्रता १८ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो १३ अंशांच्या आसपास. तुम्ही एसी २४ वर लावला, भिंत २४ झाली, तरी १३ पर्यंत कुठलीच वस्तू उतरत नाही. त्यामुळे बोर्ड आतून लावा, बाहेरून लावा, उन्हाळ्यात पाणी धरायची भीती नाही. तुमच्या गच्चीचं काम जमलं ते म्हणूनच.

दिवेआगरला जूनअखेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही साधी गोष्ट आहे. त्या हवेचा दवबिंदू २७. म्हणजे तिथे २४ अंशांवर आलेली प्रत्येक वस्तू घामेजणार: भिंत, बोर्डाची मागची बाजू, कपाटाची पाठ. बोर्ड आणि भिंत यांच्या मधे जी दमट हवा शिरेल ती तिथेच पाणी सोडेल, आणि ते पाणी दिसणारही नाही. बाहेरून पावसाचा मारा चिरा पितो. पूर्वी तो दोन्ही अंगांनी सुकायचा. आता बाहेर सिमेंट, आत प्लास्टिक पेंट, वर बोर्ड. सुकायला वाटच नाही.

भिजलेल्या उष्णतारोधकाचा उपयोगही राहत नाही. उष्णता अडते ती धाग्यांमधल्या, पोकळ्यांमधल्या स्थिर हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की संपलं, कारण पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेतं. मागवाले, तुमची चादर ओली करून पांघरा म्हणजे पटेल. तुमच्या शेडमध्ये कापूस कोरडा राहतो, त्यामुळे काम करतो. पण एक काळजी तुमच्यासाठीही: मागाची वायरिंग त्या जाळीजवळून जात असेल तर तो कापूस आजच काढा. एक ठिणगी पुरेल. माणसं आत असतात.

माळवद, तुमच्या घराचं कौतुक मला मनापासून आहे. मातीचं काम असं की दिवसभराची उष्णता पोटात घ्यायची आणि रात्री बाहेर सोडायची. त्यासाठी रात्र गार लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपार ४२ ची तर पहाट २६-२७ ची, मधे १५ अंशांचं अंतर. किनाऱ्यावर दुपार ३३ ची आणि रात्र २७ ची. मातीला तिथे रिकामं व्हायला वेळच मिळत नाही. घर रात्री दीड वाजता तापलेलं राहील आणि पावसाळ्यात ती माती ओल धरून बसेल. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तिथे ३००० च्या वर. त्या पावसाने कोकणाला उतरतं छप्पर दिलं आणि आपल्या उन्हाने आपल्याला माळवद दिलं.

पहाटेच्या थेंबांचं कारण हेच. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होतो. हवा २० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तर दवबिंदू १८ च्या वर असतो. पत्रा दोन अंश खाली आला की खालून पाझरायला लागला. घरातला श्वास, चुलीवरच्या भाताची वाफ, सगळं तिथे जमतं.

माळवद
७ एप्रिल, रात्री ८.०५

पटलं साहेब. माती रात्री रिकामी व्हावी लागते, हे आम्ही घरात राहून कधी विचारात घेतलं नव्हतं. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

नवी पेठ
७ एप्रिल, रात्री ८.४०

मग किनाऱ्यावर एसी लावूच नये का? म्हातारं माणूस आहे, मे महिन्यात काहिली होते.

आर्द्रा
७ एप्रिल, रात्री ११.१५

मी वास्तुरचनाकार आहे, मूळ सोलापूरची, सध्या कामानिमित्त अलिबागला. नवी पेठ, एसी लावावा, पण अख्ख्या घराला नाही. झोपायची एक खोली निवडावी, तिची दारं-खिडक्या नीट बसणारी करून घ्यावीत, आणि तापमान २६-२७ च्या खाली नेऊ नये. आईंच्या वयाला २६ आणि हळू पंखा पुरतो. वाऱ्याची झुळूक अंगावरून गेली की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. बाकीचं घर उघडं, वाहतं.

कोकणची लेक ताई, एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण यात मी शिकलेली माणसं फसताना बघितली आहेत. इंटरनेटवर उष्णतारोधनाचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक थंड देशांतले. तिथे घर आतून गरम असतं आणि वाफ आतून बाहेर जाते, म्हणून प्लास्टिकचा कागद आतल्या अंगाला लावतात. आपल्या किनाऱ्यावर वाफ बाहेरून आत येते. वाफ अडवायचा थर हवा असेल तर तो बाहेरच्या, गरम अंगाला. आतलं अंग उघडं ठेवायचं. आतून ऑइल पेंट, विनाइलचा वॉलपेपर, प्लास्टिक पेंट, यांतलं काहीही लावलं की भिंतीच्या पोटात पाणी कोंडतं.

भारतीय बांधकाम संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. सोलापूर उष्ण-कोरड्यात बसतं, कोकण किनारा उष्ण-दमटात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी उष्णता वहनाची मर्यादा दिली आहे, पण ती नव्या बांधकामाला धरून. जुन्या चिरेबंदी घरात आकडा गाठायच्या आधी ओल कुठून येते ते शोधावं लागतं.

आणखी एक, थर्मोकोलबद्दल. वायरींवरचं पीव्हीसीचं वेष्टण थर्मोकोलला चिकटून राहिलं तर त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य थर्मोकोल शोषतो आणि वायर कडक होऊन तडकते. त्यात उंदीर. मी अशा छतात हात घालायला इलेक्ट्रिशियनला पाठवत नाही.

कोकणची लेक
१४ एप्रिल, दुपारी ४.२०

तुम्ही सगळ्यांनी एवढ्या आपुलकीने लिहिलंत, वाचून धीर आला. परवा दिवेआगरला जाऊन आले, जाताना एक छोटा तापमान-आर्द्रता मापक नेला होता. दुपारी अडीचला पडवीत ३३ अंश आणि ६६ टक्के. माजघरात ३७. माळ्यावर पत्र्याखाली हात उंच केला तर काही क्षणांतच चेहऱ्यावर आंच जाणवली, शेगडीपुढे उभं राहिल्यासारखी.

पश्चिमेच्या भिंतीपाशी नीट बघितलं. बाहेर वाडीचं शिंपण त्या बाजूनेच जातं, पाट भिंतीपासून जेमतेम हातभर. आणि वादळानंतर तिथे माती उकरून टाकली होती, ती जोत्याच्या वर चढली आहे. आई म्हणाली, बाबा असते तर त्यांनी ती एका दिवसात हलवली असती. मला फार वाईट वाटलं. सहा-सात वेळा त्या भिंतीशेजारून गेले असेन.

आता नेमकं काय करू, ते सांगा.

चिरेखाण
१४ एप्रिल, संध्याकाळी ७.००

ताई, वाईट वाटून घेऊ नका. अर्धं उत्तर तुम्ही स्वतःच शोधून आणलंत.

उद्याच गडी लावून ती माती काढा. जोतं पूर्ण उघडं दिसलं पाहिजे. पाट भिंतीपासून किमान सात-आठ फूट लांब न्या. पागोळ्या जिथे पडतात तिथे चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरा, म्हणजे पाणी उसळून भिंतीवर उडणार नाही. सभोवती सिमेंटचा कोबा करू नका. खालची ओल बाहेर यायची वाट बंद झाली की ती भिंतीतून वर चढते.

मग गिलावा. सिमेंटचा थर छिन्नीने हलक्या हाताने काढायचा, चिरा मऊ असतो, कडा तुटतात. एक उन्हाळा भिंत तशीच उघडी सुकू द्या. घाई केलीत तर पैसे पाण्यात. चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भरा आणि दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा घ्या. चुना निदान काही आठवडे पाण्यात भिजवलेला हवा, जितका मुरलेला तितका चांगला. आमच्या आजोबांच्या वेळी त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. वाळू नदीची. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणतील, उभं राहून नाही म्हणा. गिलावा झाल्यावर ओली पोती टांगून ठेवा, चुना हळू घट्ट होतो, उन्हात भाजला तर पावडर होतो. वर चुन्याचीच सफेदी.

ओळंबा
१४ एप्रिल, रात्री ९.३०

चिरेखाण यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या लोण्याबद्दल थोडं जोडतो, कारण बहुतेक लोक इथे गळती शोधत बसतात.

भिंतीत मीठ आहे. खाऱ्या वाऱ्याने आणलेलं, जमिनीतल्या पाण्याबरोबर चढलेलं, कदाचित जुन्या वाळूतलं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात काय होतं ते आईंना विचारा. तसंच त्या भिंतीचं. बाहेरून एक थेंब आत आला नाही तरी जुलैत ती भिंत ओलीच राहणार. दिवाळीत हवा कोरडी झाली की मीठ पुन्हा खडे धरतं, आणि ते खडे फुगताना रंग आणि गिलावा फोडतात. वर कितीही महागडा वॉटरप्रूफ रंग द्या, तो आतून ढकलला जातो.

उपाय सावकाश आहे. सुटलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडून पाटीत गोळा करून लांब टाकायचं. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की परत आत. मग चिकणमाती आणि कागदाचा लगदा यांचा ओला लेप जाडसर थापायचा. तो सुकताना भिंतीतलं मीठ आपल्याकडे ओढतो, सुकला की खरवडून टाकायचा. दोनदा-तीनदा. चुन्याचा पहिला गिलावाही काही वर्षांत मीठ पिऊन खराब होईल, तो त्यासाठीच दिलेला असतो. चिरा वाचतो.

आता छप्पर. घरातल्या उष्णतेचा मोठा वाटा तिथूनच येतो, म्हणून पैसा आधी तिथे. परत कौलं घालता आली तर उत्तमच. मंगलोरी कौल आपल्याकडे रुळलं त्याला कारण आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून या पावसात त्याची परीक्षा झालेली आहे. पण वासे पत्र्याच्या मापाने लांब अंतरावर टाकलेले असतील तर कौलांचं वजन पेलणार नाही. आधी सुताराला दाखवा.

पत्रा ठेवायचा असेल तर असं करा. पत्र्यातून खाली येणारी उष्णता मुख्यतः किरणांनी येते, तुमच्या चेहऱ्याला लागली तीच आंच. तिला अडवायला जाड थर लागत नाही, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा पुरतो. अट एकच, त्याच्या चकचकीत अंगापुढे मोकळी हवा पाहिजे, निदान एक इंच. पत्र्याला चिकटवला तर निम्मा गुण गेला. मधे रिपा मारून तो ताणून बसवा, चकाकी खालच्या अंगालाही ठेवा, म्हणजे धूळ बसली तरी काम चालू राहील. जोड कौलासारखे घ्या, वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढलेला. पहाटे पत्र्यावरून पडलेलं पाणी त्याच्यावर पडेल आणि वळचणीला निघून जाईल. वळचणीला जाळी लावून हवा आत येऊ द्या आणि आढ्यापाशी बाहेर जाऊ द्या. तापलेली हवा वर चढते, तिला फक्त वाट द्या. पापुद्र्याला ओला चुना किंवा सिमेंट लागू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आर्द्रा
१५ एप्रिल, सकाळी ८.००

ओळंबा सर, यात स्क्रूंचं सांगते. लोक किनाऱ्यावर स्टेनलेसचे स्क्रू सांगतात. लाकडात आणि जाळीला ते ठीक, ३१६ दर्जाचे घ्यावेत. पण जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्यात स्टेनलेस बसवला की खाऱ्या हवेत स्क्रू चांगला राहतो आणि भोवतीचा पत्रा खाल्ला जातो. पत्र्याच्या कंपनीने किनारपट्टीसाठी सांगितलेलेच स्क्रू घ्या, रबरी वॉशरसकट. वादळात पत्रा आधी कडेने आणि कोपऱ्यातून उचलला जातो, तिथे स्क्रू जवळजवळ घ्या.

आईंच्या झोपायच्या खोलीवर, पापुद्र्याखाली, दोन इंच रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, चालेल. त्याखाली फळ्यांचं छत, फटी ठेवून. बाकी घरावर रॉकवूलची गरज नाही. आणि स्वयंपाकघरात धूर-वाफ थेट बाहेर टाकणारा पंखा, हे विसरू नका.

मागवाला
१५ एप्रिल, सकाळी ९.३५

ओळंबा साहेब, शेडमधला सगळा कापूस काल रात्री पोरांना घेऊन काढला. एका ठिकाणी वायर खरंच त्याला लागून होती. तुम्ही सांगितलं नसतं तर लक्षात आलं नसतं. आता पत्र्याखाली पापुद्रा लावायचा विचार आहे. शेडमध्ये सुताची रुई उडते, चकाकीवर बसेल ना?

ओळंबा
१५ एप्रिल, सकाळी १०.१०

चकाकी खालच्या अंगाला ठेवा, वरचेवर झाडून घ्या. आणि आढ्यावर वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर टाकणारी पंखी बसवा, कामगारांना त्याचा जास्त उपयोग होईल.

कोकणची लेक
२२ ऑक्टोबर, रात्री ८.५०

मंडळी, उशिरा लिहिते आहे, पण पावसाळा पूर्ण बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

सुताराने बघितलं, वासे कौलांना पुरणार नाहीत म्हणाला. त्यामुळे पत्रा ठेवला आणि मे महिन्यात खाली पापुद्रा, वळचणीला जाळी, आढ्याला वाट असं काम झालं. सुरुवातीला गड्यांनी पापुद्रा थेट पत्र्याला चिकटवायला घेतला होता. ओळंबा काकांचा प्रतिसाद मी मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी रिपा मारल्या. २६ मे च्या दुपारी बाहेर ३४ होतं, माजघरात ३४. एप्रिलमध्ये बाहेरच्यापेक्षा ४ अंश जास्त होतं ते गेलं. एसी फक्त झोपायच्या खोलीत, २७ वर. खर्चाचं काहींनी निरोपातून विचारलं आहे: कंत्राटदाराच्या पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त, त्यात पाट हलवल्याची मजुरीही आली.

पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा काढला, दोन लेप दिले. आतून ती भिंत या पावसाळ्यात नागडीच ठेवली. आईला ते बघवत नव्हतं, लोक येतात-जातात म्हणून तिने साडीचा पडदा लावला. जुलैत भिंत ओली झालीच, पण कमरेपर्यंत. आधी छातीपर्यंत व्हायची. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, यंदा लुगड्यांना बुरशी नाही.

चिरेखाण दादा, चुना भिजत घातला आहे. पण भिंतीच्या खालच्या दोन चिऱ्यांवर पांढरं पुन्हा दिसायला लागलं. तिसरा लेप द्यावा की सरळ गिलावा घ्यावा?

चिरेखाण
२२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

तिसरा लेप द्या. खालचे दोन चिरे जमिनीजवळचे, त्यांच्यात सगळ्यात जास्त साठलेलं असणार. लेप सुकायला आता १५-२० दिवस लागतील. खरवडलेली माती वाडीत टाकू नका, सुपारीच्या मुळांना मीठ नको. मग नोव्हेंबरअखेर गिलावा घ्या. गवंडी मिळत नसेल तर कळवा, आमच्याकडचा एक म्हातारा गवंडी अजून चुन्यात काम करतो, त्याला विचारतो.

कोकणची लेक
११ जानेवारी, सकाळी ७.३०

कालपासून दिवेआगरला आहे. गिलावा झाला, तुमचे गवंडी काका आठ दिवस राहिले, आईने त्यांना रोज गरम भाकरी वाढली. पहाटे पाचला उठून माळ्यावर चढले आणि विजेरीने बघितलं. पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब आहेत, ते पापुद्र्यावर पडतात आणि वळचणीतून बाहेर ठिबकतात. आईचं अंथरूण कोरडं आहे. ती अजून झोपली आहे.

एकच जोड ईशान्येच्या कोपऱ्यात उलटा चढला आहे, तिथून थोडं पाणी माळ्यावर येतं. आज सुतार येणार आहे. तो जोड सगळा उसवावा लागेल की वरून एक पट्टी सरकवून चालेल?

ओळंबा
११ जानेवारी, सकाळी ८.१५

वरच्या तुकड्याखालून पट्टी सरकवा, खालच्या तुकड्यावर निदान सहा इंच येऊ द्या. आणि चिकटपट्टीवर विसंबू नका, वरून रीप मारा.